वहिनीची न मोजलेली मतं

अन्याय झाला तो माझ्या चुलत वहिनीवर. कधी, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनची मुदत संपायच्या जरा आधी. कुठं, तर दौंडच्या तहसील कचेरीत. तिला कुणी हात लावला नाही, कुणी दम दिला नाही, एक रुपया कुणी दिला-घेतला नाही. तिच्या हातात पेन दिलं, तेही टोपण काढून. त्यामुळं लोक मला विचारतात, ह्यात अन्याय कुठं आहे? विचारणाऱ्यांसाठीच हे लिहितोय.

शिरूरला मार्केट यार्डाच्या बाजूला आमच्या कामगार संघटनेची एक खोली आहे. खाली पेंडीचं दुकान, वर आम्ही. तिथं मी पत्रकं लिहायला शिकलो. शिकवणारे म्हातारे कार्यकर्ते होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते सांगायचे, पहिल्या ओळीत माणूस आणि वेळ लिही, शेवटच्या ओळीत मागणी लिही, आणि मधल्या जागेत खोटं बोलू नको. आजवर मी लिहिलं ते ठेकेदारीवर, ओव्हरटाईमवर, कँटीनच्या पाणचट चहावर. मोबाईलमधल्या एका खेळावर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण गोष्ट तिथूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. कंपनी रांजणगावला, म्हणजे नदीपलीकडं शिरूर तालुक्यात. पहिल्या पाळीची बस पूल ओलांडून न्हावऱ्यावरून जाते. पुढं बायका बसतात, मागं आम्ही. मी आणि माझा चुलत भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, एकाच लाईनवर. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पॅकिंगला. कारखान्याचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि बस त्यांच्या मागं रांगत राहते. त्या रांगण्यात दादाच्या फोनवर तो खेळ सुरू झाला.

खेळात तुम्ही एका लहानशा देशाचे हुकूमशहा असता. ते लपवलेलं नाही, सुरुवातीलाच ठळक अक्षरांत येतं. समोर टेबल, टेबलावर एकेक कागद येतो. शिक्का मारायचा नाहीतर फेटाळायचा. वर चार पट्ट्या असतात: जनता, लष्कर, पोलीस, व्यापारी. प्रत्येक शिक्क्याबरोबर एक पट्टी चढते, दुसरी उतरते. लष्कराची रिकामी झाली तर लष्कर उचलून नेतं, जनतेची रिकामी झाली तर लोक राजवाडा पेटवतात. पट्ट्या सांभाळत वर्षं काढायची, एवढाच खेळ.

फोन दादाचा असला तरी राज्य अख्ख्या मागच्या बाजूचं होतं. कागद इंग्रजीत यायचा, मी मोठ्यानं मराठीत सांगायचो, मग चारी बाजूंनी सल्ले. हुकूमशहाला नाव द्यावं लागायचं, ते पोरांनी दिलं: आबा. कारण आमच्या गावात खरे आबा होते. माजी सरपंच, सोसायटीवर, दूध संघावर, देवस्थानावर, जिथं खुर्ची असेल तिथं. बसमधल्या निम्म्या पोरांना कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच. म्हणून मग रोज सकाळी बसमध्ये ऐकू यायचं, "आबा, लष्कर पगार मागतंय." मागून कुणीतरी खोल आवाज काढून म्हणायचा, "सांग त्यास्नी, आबा जेवायला बसल्यात." हसत हसत पूल कधी गेला कळायचं नाही.

त्या खेळात एक कागद पुन्हा पुन्हा यायचा. कुठल्याशा गावात एक विरोधक पाण्यासाठी सभा घेतोय, काय करायचं? अटक करा, नाहीतर गावाला विहीर द्या आणि त्याच्याकडून गप्प राहायचं वचन घ्या. अटक केली की जनतेची पट्टी घसरायची. विहीर दिली की पट्टी चढायची, आणि तो विरोधक पुढच्या कागदांवर दिसायचाच नाही. हे एकदा कळल्यावर बसची म्हणच झाली, "विहीर द्या, विषय संपवा." मग कुणी कँटीनच्या चपातीबद्दल कुरकुरला तरी तेच, कुणाची बायको माहेरी गेली तरी तेच.

वहिनी पुढच्या सीटवरून हे सगळं ऐकायची. एक दिवस ट्रॉल्यांच्या मागं बस जास्तच अडकली, तेव्हा ती मागं आली आणि दादाकडून फोन घेतला. तिचं खेळणं आमच्यासारखं नव्हतं. ती घाई करायची नाही. प्रत्येक कागदावर मला विचारायची, "भावजी, ह्ये काय लिवलंय?" मग थोडं थांबायची, मग शिक्का. पोरं वैतागायची. लष्करानं तिला दोनदा उचललं.

तिसऱ्या वेळी निवडणुकीचा कागद आला. लोक निवडणूक मागतायत, सल्लागार म्हणतो रद्द करा. आम्ही आजवर डोळे झाकून रद्दच करत आलो होतो. मागची अख्खी बाजू ओरडली, रद्द कर, रद्द कर.

वहिनी म्हणाली, "घेऊ की. किती लोकं आपल्याला मानत्यात, कळंल तरी."

"अगं, हरशील," दादा म्हणाला. "जनतेची पट्टी बघ की."

"हरंल. पण कळंल."

तिनं घेतली आणि हरली. पडद्यावर आलं, एकतीस टक्के, तुमची सत्ता संपली. पोरांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी म्हणालं, वहिनींनी आबांना घरी बसवलं. ती मात्र त्या आकड्याकडं बघत बसली होती. फोन परत देताना मला म्हणाली, "म्हंजी शंभरातली एकतीस माणसं. मी त्यांचं तोंड बघितलं न्हाई, त्यांनी माझं न्हाई. तरी मत दिलं की."

एवढ्यावरून ती निवडणुकीला उभी राहिली असं मी म्हणणार नाही. कारण नळाचं होतं. गावाची नळाची लाईन ओढ्यापर्यंत येते आणि थांबते. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. वस्तीवरच्या बायका शेजारच्या एका बोअरवरून पाणी आणतात, बोअरवाल्याचा मूड असेल तेव्हा. पहिल्या पाळीला जाणारी बाई पहाटे उठून पाणी भरते, मग बस धरते. प्रत्येक ग्रामसभेत अर्ज दिला जायचा, प्रत्येक वेळी पुढच्या आराखड्यात घेऊ म्हणायचे. आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी वहिनीला धरलं. तू उभी राहा, तुला बोलता येतं. दादा आधी हसला, मग तयार झाला. अर्ज भरायला मीच तिच्याबरोबर दौंडला गेलो. येताना ती म्हणाली, "पडले तरी चालंल भावजी. पण मशीनवर माझं नाव असंल, आन् कुणीतरी ते दाबंल." चिन्ह कुठलं मागायचं हेही तिनं ठरवलं होतं. कपबशी. सगळ्यांच्या घरात असते म्हणून.

तिच्यासमोर एकच अर्ज होता, आबांच्या सुनेचा.

मग बैठक लागली. आमच्याकडं ही पद्धत आहे, तुमच्याकडंही असेल. अर्ज भरून झाले की गाव मारुतीच्या सभामंडपात बसतं आणि निवडणूक बिनविरोध करायचं ठरवतं. भांडणं नकोत, खर्च नको, भावकी फुटायला नको, ही कारणं. ती खोटी नाहीत. निवडणुकीपायी बांधावरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. पण बैठकीत बसतं कोण, तर पुरुष. ज्यांचे अर्ज आहेत त्या बायका बाहेर पायरीवर. वहिनी पायरीवर होती, आबांची सूनही पायरीवर होती, थोडी सरकून.

आबा आवाज चढवणाऱ्यांतले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की वस्तीच्या बायांचं दुखणं आपल्याला कळतं. गाव बिनविरोध होत असेल तर उन्हाळ्याच्या आत ओढ्यापलीकडं लाईन टाकून देऊ, मारुतीरायासमोर शब्द. लगेच दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बरोबर आहे, आणखी काय पाहिजे.

मी उभा राहिलो. म्हणालो, लाईन द्यायचीच आहे तर द्या, पण ती माघारीच्या बदल्यात कशाला? मतदान होऊ द्या, निवडून येईल त्यानं लाईन टाकावी. आबा माझ्याकडं बघून हसले. "पत्रकवाले, बसा खाली. गावाचं गावात मिटतंय, तर कंपनीचा दंगा इथं कशाला?"

तेवढ्यात मागून, बसमधल्याच कुणाचा तरी आवाज आला. "विहीर द्या, विषय संपवा."

बसमधली सगळी पोरं हसत सुटली. दादासुद्धा हसला. आबांना त्यातलं काही माहीत नव्हतं, तरी लोक हसतायत म्हणून तेही हसले. मी पायरीकडं पाहिलं. वहिनी हसत नव्हती. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग आबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय मग? सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. दादा म्हणाला, "गावाच्या फुडं आम्ही न्हाई, आबा." नारळ फुटला. गुलाल उधळला. पायरीवर बसलेल्या दोघींपैकी एकीलाही कुणी काही विचारलं नाही.

वस्तीवर आल्यावर बचत गटाच्या बायकाच वहिनीला सांगायला लागल्या, घे बाई माघार, नळ तरी येईल. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. वहिनी कुणाला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "बघू, मुदत हाय अजून," एवढंच.

माघारीच्या दिवशी आबा स्वतः गाडी घेऊन आले. दोन्ही उमेदवार एकाच गाडीत, मागच्या सीटवर शेजारी शेजारी, मी त्यांच्या पलीकडं दाराशी. दादा पुढं गाडी चालवत, आबा त्याच्या शेजारी. सूनबाई आमच्या वहिनीपेक्षा लहान, फार बोलणारी नाही. गाडी चालू झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, अर्ज भरायच्या आधी मलापण कुणी विचारलं न्हवतं." आबांनी ऐकलं असेल, पण मागं वळून पाहिलं नाही.

फाट्यावर आलो आणि वहिनी म्हणाली, "गाडी थांबवा."

फाट्यावर नवा कोरा फ्लेक्स लागला होता. बिनविरोध निवड झाल्याबद्दल आबांच्या सुनेचं हार्दिक अभिनंदन. वर आबांचा फोटो मोठा, सुनेचा त्याहून लहान, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. पासपोर्टएवढ्या फोटोंच्या, प्रत्येकाखाली नाव. शेवटच्या रांगेत डावीकडं वहिनी होती. अजून तिचा अर्ज कचेरीत जिवंत होता, मुदत संपली नव्हती, आणि ती समोरच्या उमेदवाराला निवडून आल्याच्या शुभेच्छा देत फाट्यावर टांगलेली होती.

ती उतरली आणि फ्लेक्सच्या खाली जाऊन उभी राहिली. मीही उतरलो. आबा खिडकीची काच खाली करून म्हणाले, "मी दुसऱ्या वळीत घ्यायला सांगितलं हुतं तुला. त्या पोरानं घोळ केला."

"आबा, मी अजून सही केली न्हाई."

"मग? करशीलच की आता. फोटो टाकलाय तुझा. लोकं भांडत्यात फोटोसाठी. कुणी ऱ्हायलं की रुसतंय. म्हणलं, हिला इसरायला नको."

मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यांच्या हिशेबी तो मान होता. गावात फ्लेक्सवर जो नाही तो रुसतो, आणि जो आहे तो आपला, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की आधी सही आणि मग फ्लेक्स, हा क्रम असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी अजून त्या मिनिटाचा विचार करतो. कपट असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

वहिनी फ्लेक्सकडंच बघत होती. "हा हळदीकुंकवाचा फोटो हाय," ती म्हणाली. "ह्यात मी हसतीय."

मग ती गाडीत येऊन बसली.

कचेरीत दोन गावांची गर्दी होती. टेबलामागच्या साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, स्वतःच्या मर्जीनं मागं घेताय ना? ती व्हय म्हणाली. मग तिनंच उलट विचारलं, "साहेब, चिन्हं कवा देणार?" ते म्हणाले, तीननंतर, जे राहतील त्यांना. भिंतीवर चिन्हांचा तक्ता लावलेला होता. छत्री, कंदील, शिट्टी, कपबशी. ती त्या तक्त्याकडं थोडा वेळ बघत राहिली. दादा म्हणाला, चल लवकर. आबांनी खिशातलं पेन काढून, टोपण काढून तिच्या हातात दिलं.

ह्यालाच मी अन्याय म्हणतो. दिवस, वेळ, जागा, सगळं वर लिहिलं आहे.

बाकीच्या वॉर्डांतही अशाच माघारी झाल्या होत्या, म्हणून मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या शाळेत मशीन आलंच नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये न्हावऱ्याकडच्या, पुलापलीकडच्या बायका चढल्या. सगळ्यांच्या बोटांना शाई. कोण पडणार, कोण येणार, ह्याच्यावर हमरीतुमरी चाललेली. वहिनीच्या बोटाला काही नव्हतं. एकीनं विचारलं, तुमच्यात कधी हाय मग? वहिनी म्हणाली, "आमच्यात झालं." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

नळ आला. हे लिहिलंच पाहिजे, मधल्या जागेत खोटं बोलायचं नाही. उन्हाळ्याच्या आत लाईन ओढा ओलांडून आली, आबांनी शब्द पाळला. तोटीचा नारळ सूनबाईंच्या हस्ते फुटला आणि त्याचाही फ्लेक्स लागला. वस्तीवरच्या बायका आता अर्धा तास जास्त झोपतात. त्या खूश आहेत आणि त्यांनी खूश असावं.

पण मला सांगा, ते पाणी कुणाचं होतं? आबांच्या घरचं होतं का? आम्ही घरपट्टी भरतो, आमची नावं मतदार यादीत आहेत, गावाच्या योजनेत आमची वस्ती आहे. जे आमचं होतं तेच आम्हाला विकलं, आणि किंमत काय घेतली, तर एका बाईचं मशीनवरचं नाव. शिवाय उपकार वरून. तोटी उघडली की पाण्याबरोबर आबांचं नाव येतं. गेममध्ये तर निदान पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की तुम्ही हुकूमशहा आहात. शिक्का मारताना कळतं, आपण काय करतोय. आमच्याकडं त्याला एकोपा म्हणतात आणि नारळ फोडतात.

गावातली मोठी माणसं मला सांगतात की मोबाईलच्या त्या खेळानं पोरं बिघडली. उलट आहे. पोरांना तो खेळ पहिल्या आठवड्यातच आला, कारण त्यांना शिकायचं काही उरलंच नव्हतं. विहीर देऊन विषय संपवणं त्यांनी जन्मल्यापासून सभामंडपात पाहिलं होतं. नवीन होतं ते एकच, निवडणूक घेऊन बघणं. ते आमच्यातल्या एकीलाच सुचलं.

दादा हल्ली बसमध्ये फोन काढत नाही. कुणी मागितला तर चार्जिंग नाही म्हणतो. फाट्यावरचा फ्लेक्स उन्हानं विटला, रंग उडाले, पण काढला कुणी नाही. रोज सकाळी बस त्याच्यासमोरून जाते. खालच्या रांगेतले चेहरे आता पांढरेफटक झालेत. वहिनीच्या चेहऱ्यातलं हसू तेवढं अजून कळतं.

गेल्या महिन्यात ट्रॉल्यांच्या मागं बस अडकली तेव्हा ती स्वतः मागं आली. दादापुढं हात केला. त्यानं फोन दिला. ती पुन्हा तशीच खेळली, एकेक कागद विचारत. कुणी तिला घाई केली नाही. निवडणुकीचा कागद आला, तिनं शिक्का मारला, हरली. ह्या वेळी चाळीसच्या वर टक्के आले. तिनं तो आकडा पडदा विझेपर्यंत पाहिला.

"भावजी," ती म्हणाली, "पाणी गोडच हाय. म्या कुठं न्हाई म्हणतीय? पण माझं किती आलं असतं?"

तो आकडा माझ्याकडं नाही. दादाकडं नाही, आबांकडं नाही, तहसील कचेरीत नाही. जगात कुठंच नाही. ती बहुतेक पडलीच असती. वस्ती लहान, बाकीचा वॉर्ड मोठा. पण पडली असती तरी तिला एक आकडा मिळाला असता. पडद्यावरच्या खोट्या देशानं तिला दोनदा आकडा दिला, आणि तिच्या गावानं एकदाही दिला नाही.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या गावात पुढची निवडणूक लागेल, अर्ज भरले जातील, मग देवळात बैठक बसेल, आणि तुम्ही तिथं असाल. कुणीतरी गोड आवाजात नळ देईल, रस्ता देईल, दिवा देईल. नळ घ्या, तो तुमचाच आहे. पण नारळ फुटायच्या आधी उठून उभे राहा, पायरीवर बसलेल्या बाईला आत बोलवा, आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणा: मतदान घ्या, हिची मतं मोजा.